नाव न घेता

सापगाव, मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाईजाताई,

वर सलाम लिहिलेला नाय, तो घाईत राहिला असं समजू नकोस. प्रभूच्या नावात सलाम लिहायला पेन टेकवलं, मग म्हटलं, कशाला खोटं. आणि फोन न करता पत्र का, तर फोनवरचं बोलणं कुठपर्यंत जातं ते मी या आठवड्यात बघितलं. तुझा नंबर बंद करून ठेवलाय. हे पत्र तू फार तर चार बायकांना वाचून दाखवशील, आणि तेवढी तुझी हिंमत नाय.

शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत तू माझा विषय ठेवलास. नुसता ठेवला नायस, ज्यांना यायला जमलं नाय त्यांच्यासाठी बोलून ग्रुपवर टाकलास. मी शेडमध्ये भाकर सोडून बसले होते. दोन घास खाता खाता प्रार्थना कानावर पडेल म्हणून फोन कानाला लावला, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या आवाजात माझीच गोष्ट ऐकली. "सापगावला भेंडीच्या शेडमध्ये कामाला जाणारी आपली एक बहीण परपुरुषाच्या मोहात सापडली आहे. नाव घेत नाही. प्रभू तिला ओळखतो."

वा गो ताई. नाव नाय घेतलंस. शेडमध्ये भेंडी निवडायला बसणाऱ्या सगळ्या घरी गणपती बसवणाऱ्या. रविवारी सुट्टी मागणारी मी एकटी. प्रभू तर ओळखतोच, पण शहापूरपासून मुरबाडपर्यंत मंडळीतलं शेंबडं पोरही मला ओळखतं.

मी तुला काय सांगितलं होतं ते आठव जरा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, तुझ्या मुरबाडच्या घरी, मागच्या पडवीत. तू तांदूळ निवडत होतीस. मी म्हटलं, शेडमधून वाशीला माल नेणारा अनिल आहे, पिकअपवाला. भेंडीची लव हातात जाते, बोटं सुजतात, रात्री खाजवून खाजवून जीव जातो, ते बघून त्याने मला रबराचे हातमोजे आणून दिले. आणि रोज विचारतो, जेवलीस का. एवढंच. पण माझं मन तिकडं जातंय ताई, मला माझी भीती वाटते. मी काय केलेलं नाय. तू एकटी माझ्यासाठी प्रार्थना कर. एकटी कर असं मी परत बजावून सांगितलं होतं. तू डोक्यावर हात ठेवलास, डोळे मिटून प्रार्थना केलीस, आणि मी एसटीत बसून हलकी होऊन घरी आले. मूर्ख.

मन जाणं वेगळं आणि पडणं वेगळं, हे बाप्तिस्म्याच्या आधी मला तूच शिकवलंस. पाखरू डोक्यावरून उडालं तर आपला दोष नाय, डोक्यावर घरटं बांधू दिलं तर दोष, असं काहीतरी तू हात उडवून उडवून सांगायचीस. मग ते 'जातंय'चं 'सापडली' कुणी केलं? माझ्या तोंडून तर 'जातंय' निघालं होतं.

रामू गोदामावरून घरी यायच्या आधीच त्याला कुणीतरी वाटेत गाठलं. माझा नवरा ओरडणारा माणूस नाय, तुला माहीत आहे. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एकदा विचारलं, "कोण?" मी सगळं सांगितलं, हातमोज्यांसकट. त्याने ऐकून घेतलं, वळकटी उचलली आणि पडवीत जाऊन झोपला. तिथंच झोपतो आता. आमची म्हातारी, सासू चिमाबाई, कधी मंडळीत आली नाय, देवही सोडले नायत तिने. ती मला म्हणाली, तुमच्याकडं पोटातलं असं चव्हाट्यावर मांडतात होय, बरं झालं मी नाय आले. याला उत्तर काय? तू सुचव.

हेतल विचारते, बाबा बाहेर का झोपतो. दहा वर्षांच्या पोरीला काय सांगू? मावशीने प्रार्थना केली म्हणून?

काशी


सापगाव, गुरुवार, १३ फेब्रुवारी

बाईजाताई,

तुझं पत्र मिळालं. अर्धं पान वचनं, पाव पान रडणं आणि उरलेल्यात मला सल्ला, की काम सोडून दे. काम सोडलं तर हेतलच्या शाळेला काय तुझी वचनं लावू?

तू लिहितेस, मी प्रेमापोटी केलं, जितकी माणसं प्रार्थनेला तितकं बळ जास्त. त्यावर मी येते. आधी इथलं ऐक.

परवा पाळकसाहेब आणि मंडळीतले दोन वडील घरी आले. चहा घेतला. मला समोर बसवलं आणि माझ्याशी बोलायच्या ऐवजी रामूशी बोलत राहिले, जशी काय मी गोठ्यातली म्हैस आणि तिला विकायची का ठेवायची ते ठरतंय. ठरलं ते असं. पश्चात्ताप करेपर्यंत मला प्रभुभोजन नाय, रविवारी भाकर-रसाचं ताट माझ्यासमोरून पुढं जाणार. नऊ मार्चला शहापूरला आपली एकत्र उपासना आहे, तुमी मुरबाडकरही येणार, तिथं मी सगळ्यांसमोर उभं राहून पाप कबूल करायचं. मी विचारलं, कुठलं पाप? पाळकसाहेब म्हणाले, बहिणीने डोळ्यात पाणी आणून विषय ठेवला, ती का खोटं बोलेल? बघ तुझ्या डोळ्यातल्या पाण्याला किती किंमत आहे.

ते गेल्यावर रामू बोलला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला, मंडळीने माफ केलं तर मी पण माफ करीन. तू कबूल नाय झालीस तर तिथूनच डोळखांबच्या जीपमध्ये बसवतो, तुझ्या बाबाकडे जा पाड्यावर. हेतल इथं राहील.

समजलं ना तुला काय झालंय ते? न केलेलं केलं म्हणून कबूल होऊ, तर जन्मभर तो शिक्का. कबूल नाय झाले, तर घर गेलं, पोर गेली. तुझ्या एका शुक्रवारच्या उपासाने.

आता तुझ्या त्या बळावर येते. जास्त माणसं, जास्त बळ. मग रितेशच्या वेळी किती माणसं होती गो ताई? मी सांगते. तू, मी, भगत आणि एक कोंबडी.

विसरलीस वाटतं. रितेश चार वर्षांचा होता. ताप निघत नव्हता, आकडी यायची, डॉक्टरचं औषध चालूच होतं आणि तुझा धीर सुटला होता. मंडळीत सांगितलंस, माहेरी भात कापायला माणूस कमी आहे. पोराला घेऊन पाड्यावर आलीस. उजाडायच्या आत मला हलवून उठवलंस. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. कोंबडी माझ्या ओढणीखाली दिलीस, आणि ती ओरडू नये म्हणून मी सगळी वाट तिची चोच बोटात धरून चालले. भगताने सुपात दाणे टाकून बघितलं, काय काय बोलला, काळ्या दोऱ्यात मुळी बांधून दिली. तो दोरा तू रितेशच्या चड्डीच्या नेफ्यात शिवून टाकलास, प्रार्थनेला बसल्यावर कुणाला दिसू नये म्हणून. सुईत दोरा मी ओवून दिला.

पोरगा बरा झाला. आणि त्या नाताळला तू उभी राहून साक्ष दिलीस, की सगळे दरवाजे बंद झाले पण मी दुसऱ्या कुठल्या दारात गेले नाय, फक्त गुडघ्यावर राहिले. बाया रडल्या. त्याच साक्षीवर तुला बायकांची प्रार्थना चालवायला दिली. अजून दर वर्षी ती साक्ष होते, आणि मी खाली बसून आमेन म्हणते. इतकी वर्षं म्हणत आले. रामूलाही बोलले नाय. तुझं मी माझ्यात ठेवलं, माझं तू ग्रुपवर टाकलंस.

तर नऊ तारखेला मी उभी राहीन. पण माझं नाय, तुझं सांगीन. तुझ्याच पद्धतीने सांगीन, नाव न घेता. मुरबाडची एक बहीण आहे, बायकांची प्रार्थना चालवते, तिचा एकच मुलगा आहे, तो मंडळीत ढोलक वाजवतो. प्रभू तिला ओळखतो. चालेल?

बहिणीला खोटी ठरवल्याशिवाय मी खरी ठरत नाय. हे असं तूच करून ठेवलंस.

काशी


सापगाव, सोमवार, २४ फेब्रुवारी

बाईजाताई,

हे पत्र लिहायचं नव्हतं. पण हे तुला दुसऱ्याकडून कळेल आणि तू त्याला तिखटमीठ लावशील, त्यापेक्षा माझ्याकडून घे.

अनिल तुमच्या मंडळीत येत नाय, त्याच्या फोनवर तुमचा ग्रुप नाय, तरी त्याला कळलं. गेले काही दिवस मी त्याच्याशी बोलणं तोडलं होतं. शनिवारी क्रेट भरून झाले, बाया पाण्यावर गेल्या, तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तुझं नाव तर झालंच आहे. आता जपायला काय राहिलंय? वाशीला माझी खोली आहे. चल."

मी माझी पिशवी उचलली आणि गाडीत बसले.

हे परत वाच, म्हणजे तुला पुढच्या शुक्रवारला विषय होईल. बसले. कुणी ओढलं नाय, हात धरला नाय. मला त्या वेळी एवढंच दिसत होतं, की घरी गेलं की पडवीतली वळकटी, म्हातारीचं तोंड, आणि रविवारी ताट समोरून पुढं जाणार. इकडं निदान एक माणूस आहे.

नदीवरच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या, पुढं कुणाचा ट्रॅक्टर बंद पडला होता. आमी पुलाच्या मधोमध उभे. तो खुशीत होता. खोलीत पाणी किती वाजता येतं, शेजारी कोण राहतात, सांगत होता. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, आज याने जेवलीस का विचारलं नाय. मी सकाळपासून काय खाल्लं नव्हतं आणि त्याने विचारलं नाय. आणि त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात फिरायला लागलं, जपायला काय राहिलंय. म्हणजे यालाही ते खरंच वाटलं होतं. ज्याच्याशी काय झालं नाय, त्या माणसालाही वाटलं की हिचं सगळं झालेलंच आहे. ताई, ते वाक्य तुझं आहे. तू ते डोक्यावर पदर घेऊन म्हटलंस, त्याने गिअरवर हात ठेवून म्हटलं. फरक तेवढाच.

मला इतका राग आला की कानशिलं तापली. दरवाजा उघडला आणि उतरले. हातमोजे सीटवर टाकले. तो हाका मारत राहिला, मागचे हॉर्न वाजवत राहिले. मी उन्हातनं परत चालत आले.

साक्षीत सांगायचं तर प्रभूने माझा हात धरून मला उतरवलं असं सांगता येईल, आणि तू तसंच सांगितलं असतंस. मला तेवढी अक्कल नाय. मला माहीत आहे ते एवढंच, की तुमी दोघं खरे ठरू नये म्हणून मी उतरले. त्या रागात प्रभू होता का, ते त्यालाच माहीत. असेलही. मी त्याला विचारलं नाय, तो बोलला नाय.

घरी आले, भांडी घासली. मग गोठ्यामागं बसून खूप रडले. प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतली आणि मोहाच्या ओळीवर येऊन अडकले, पुढं जाईना. तिथं बसून एक गोष्ट कळली, ती तुला फुकट सांगते, तुझ्या शुक्रवारी कामाला येईल. रानात प्रभूकडं सैतान आला तो पोट भरल्यावर आला नाय, भूक लागल्यावर आला. माझ्याकडंही तसाच आला. मला भाकरीची भूक नव्हती. घरात नवरा थकून येतो, जेवतो, झोपतो, वाईट माणूस नाय. म्हातारी स्वतःचं बघते. मी जेवले का, माझी बोटं का सुजली, हे कुणी विचारत नव्हतं, आणि मलाही वाटायचं की त्यात विचारण्यासारखं काय आहे. त्या जागेवर तो बरोबर आला. शिंगं लावून आला असता तर मी ओळखलं असतं. भाकरी भाजताना मी उद्याचं उत्तर मनात जुळवायचे, अनिलने विचारलं की काय म्हणायचं. एकदा हेतल म्हणाली, आई, एकटीच काय हसतेस. त्या दिवशी घाबरून मी तुझ्याकडं आले होते. सगळं जग सोडून तुझ्याकडं.

भूक लागली होती तेव्हा तुझ्या दारात आले, ताई. तू दगड दिलास.

नऊ तारखेचं माझं ठरलंय ते ठरलंय.

काशी


सापगाव, शुक्रवार, ७ मार्च

बाईजाताई,

आज तुमचा उपास असेल. आज कुणाचा विषय?

तू रामूला फोन करून विचारलंस म्हणे, काशी परवा काय बोलणार आहे. त्याने मला निरोप दिला, वर मान न करता. म्हणजे घाबरलीस. बरं वाटलं. मी महिनाभर घाबरत होते, आता दोन दिवस तू घाबर.

तुझं दुसरं पत्रही मिळालं. तू लिहितेस, रितेशचा विचार कर, त्याचा विश्वास त्या साक्षीवर उभा आहे. हेतलचा विचार तू केला होतास? तिची आई तिच्यासमोर शिक्का मारून घेणार, त्यावर काय उभं राहतं? तू लिहितेस, त्या वेळी मी आई होते, वेडी झाले होते. मला माहीत आहे. मी शेजारीच होते. मी तुला तेव्हा काय म्हटलं का? आणि तू लिहितेस, प्रभू तुझी जीभ आवरो. आवरेल की. आधी त्याने तुझी आवरायला पाहिजे होती.

मी सगळं जुळवून ठेवलंय. पुढच्या चटईवर बसणार, म्हणजे उभी राहिले की तुझं तोंड मला दिसेल. निळी साडी नेसणार, ती तूच दिलेली. भेंडी निवडता निवडता मनात म्हणून बघते, कोंबडी आधी घेऊ की काळा दोरा आधी. कोंबडी आधी बरी वाटते, लोक हसतील, मग दोरा काढला की गप्प होतील. मग तुझ्या साक्षीतलं वाक्य तुझ्याच आवाजात म्हणायचं, दुसऱ्या कुठल्या दारात गेले नाय म्हणून. ते मला छान जमतं. रात्र रात्र झोप नाय, पण त्याचं काय वाटत नाय. अंगात हलकं हलकं वाटतंय. जेवण जायला लागलंय. काल भाकरी भाजताना हेतल म्हणाली, आई, परत एकटीच हसतेस.

माझे कपडे पिशवीत भरून ठेवलेत. रामूने ती पिशवी बघितली. मला जीपमध्ये बसवतील तर बसवू दे. माझं घर गेलं तर तुझं नाव जाईल. मी एकटी नाय जाणार.

काशी


सापगाव, सोमवार, १० मार्च

बाईजाताई,

काल जे झालं ते तू समोर बसून ऐकलंस. तरी लिहिते, कारण तू ते तुझ्या परीने सांगत सुटशील, आणि मला माझ्या हातचं एक कुठंतरी असायला हवं. हे शेवटचं.

पत्र्याखाली किती उकडत होतं. पिशवी रामूने बाईकच्या हँडलला अडकवली होती, उपासना चालू असताना मला दारातनं ती दिसत होती. तू पुढं बसलीस, मान खाली घालून. रितेश ढोलकाशी होता. मोठा दिसतो गो आता, ओठावर लव आली. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. या वेळी बरोबर घेतलं, पूर्ण नाव.

मी उभी राहिले. सगळं तोंडात तयार होतं. मुरबाडची एक बहीण, इथपर्यंत दातांपाशी आलं. तू वर बघितलंस आणि तुझ्या तोंडावरचं रक्त उतरलं, आणि मला इतकं गोड वाटलं, ताई, की काय सांगू. हाताची बोटं गरम झाली. छातीत हलकं झालं. आणि मी ते ओळखलं. अनिलने हातमोजे दिले तेव्हा घरी जाऊन दार लावून मी ते घालून बघितले होते. हे तुला नाताळात सांगितलं नव्हतं. तेव्हा अगदी असंच झालं होतं. तीच गोडी. मनात उत्तरं जुळवणं तेच, झोप उडणं तेच, हेतलने दोन्ही वेळा विचारलं ते पण तेच. मी समजत होते की मोहातनं मी पुलावर उतरले. मी फक्त गाडी बदलली होती. महिनाभर मी दुसऱ्या गाडीत बसून होते, आणि ही गाडी तर मंडळीच्या दारातच येऊन उभी होती.

मग मी बोलले ते तू ऐकलंस. जसं बोलले तसं लिहिते, एक शब्द बदलत नाय.

"जे पाप माझ्या नावावर लावलंय ते मी केलेलं नाय, म्हणून त्याची माफी मागत नाय. माझं मन गेलं होतं. एक दिवस मी त्या माणसाच्या गाडीत बसले आणि पुलावर उतरले. हे माझ्या नवऱ्याला आत्ता तुमच्याबरोबर कळतंय. आता मला दुसरा मोह आहे. माझ्याजवळ कुणाचीतरी एक गोष्ट आहे. ती मी सांगितली तर त्या माणसाचं नाव जाईल आणि मला फार बरं वाटेल. ती माझ्या तोंडातून निघू नये, एवढाच माझा विषय आहे. नाव सांगणार नाय. गाव सांगणार नाय. काम सांगणार नाय. बाई का पुरुष, तेही सांगणार नाय."

आणि खाली बसले. नाव न घेणं कसं असतं ते मंडळीला दाखवलं.

पाळकसाहेबांना काय करावं कळेना. त्यांच्याकडं पश्चात्तापाची प्रार्थना तयार होती, ती इथं बसेना. मागं सकुबाई, ती घाटाखालची म्हातारी, मोठ्याने आमेन म्हणाली, तेव्हा सगळे म्हणाले. तरी ताट माझ्यासमोरून पुढं गेलंच. वडिलांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. करू दे विचार.

बाहेर चपला घालताना तू माझा हात धरलास. मी सोडवून घेतला, ते तुला लागलं असेल. लागायलाच पाहिजे होतं. तू विचारलंस, "काशी, का नाय सांगितलंस?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाय गिळलं." तेच आत्ताही म्हणते. तुझी दया आली नाय. रितेशकडं एकदा बघितलं, खोटं कशाला बोलू, पण त्याच्यासाठीही नाय. त्याला कुणी बरं केलं, मुळीने, औषधाने की तुझ्या रडण्याने, ते प्रभूला माहीत. मी कोण सांगणार. मी गिळलं ते माझ्यासाठी. एक गाडी सोडून दुसरीत बसायचं नव्हतं म्हणून.

रामूने बाईक चालू केली. मी मागं बसले, पिशवी आमच्या दोघांच्या मधे. शहापूरच्या स्टँडाजवळ डोळखांबच्या जीपा भरत होत्या, पोरं ओरडत होती, डोळखांब, डोळखांब. त्याने बाईक हळू केली. एक पाय खाली टेकवला. मी उतरायला म्हणून पिशवीचे बंद हातात घेतले. जीपवाल्याने विचारलं, वहिनी एकट्याच का? रामू त्याच्याकडं बघत राहिला. मग पाय वर घेतला आणि सापगावचा रस्ता धरला.

पुलावर आल्यावर त्याने विचारलं, कुठं उतरलीस? मी हाताने दाखवलं, मधोमध, कठड्यावर रंग उडालाय तिथं. त्याने बघितलं आणि गाडी पुढं काढली. वळकटी अजून पडवीतच आहे. पण काल घरी जेवला, आणि ताटावरून उठताना म्हाताऱ्या आईला म्हणाला, हिला वाढलंस का. चिमाबाईने मला वाढलं. तिने आजपर्यंत कधी वाढलं नव्हतं.

आज शेडमध्ये गेले. माल न्यायला आता दुसरा पिकअपवाला येतो. हातमोजे नायत, बोटं परत सुजलीत, खोबरेल लावून लिहितेय, त्याचे डाग कागदावर पडलेत, ते अश्रू समजू नकोस.

मी तुला माफ केलंय असं कुणाला सांगू नकोस. ते झालेलं नाय. होईल की नाय मला माहीत नाय, आणि त्याचा विषय तर तू अजिबात ठेवू नकोस. तुझी ती कोंबडी अजून माझ्या ओढणीखाली आहे. आज सकाळीच हिराबाई शेडमध्ये बाजूला बसली होती, ती सहज म्हणाली, तुझी बहीण मोठी धार्मिक हो, आणि कोंबडी लागली फडफडायला. रोज तिची चोच धरावी लागणार, हे दिसतंच आहे. मी धरीन.

आणि तुला माझ्यासाठी प्रार्थना करायचीच असेल तर घरी कर, दार लावून. मनात कर. ओठ हलवू नकोस.

काशी